शेवटच्या पुस्तकाची भीती कशाला?

आमच्या धर्मग्रामातील काही पालक एका पुस्तकावर रुष्ट झाले आहेत. सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेच्या ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीत्रयीतील तिसरे, 2010 साली प्रसिद्ध झालेले ‘मॉकिंगजे’ हे ते पुस्तक. पहिले दोन भाग मुलांनी वाचले तेव्हा कोणी ब्र काढला नाही. नायिका शूर आहे, जिंकते, मग हरकत कसली? तिसऱ्या भागात मात्र तिची धाकटी बहीण मरते, विजयाला चव उरत नाही, मुले डोळे पुसत पुस्तक मिटतात. तेव्हा कुठे “फादर, हे वाचनालयातून काढा” असा आग्रह सुरू झाला. मी ते काढणार नाही.

कथेतील देशाचे नाव ‘पानेम’, म्हणजे लॅटिनमध्ये भाकर. भाकरी आणि खेळतमाशे मिळाले की रोमी प्रजेला आणखी काही नको असते, असा टोला कवी जुव्हेनालने मारला होता. नाव तेथूनच आले आहे. सेमिनरीत लॅटिन घोकताना हा शब्द आम्हांला प्रथम भेटला तो प्रभूच्या प्रार्थनेत. पानेममधील बारा जिल्ह्यांतून दरवर्षी चोवीस मुले चिठ्ठ्या टाकून निवडली जातात व एकमेकांना मारण्यासाठी आखाड्यात सोडली जातात. गरिबाच्या मुलाने घरासाठी वर्षाचे तुटपुंजे धान्य घेतले की त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या वाढतात.

ही परदेशी कल्पना आहे, आपला तिच्याशी काय संबंध, असे एका गृहस्थांनी मला विचारले. मुकादमाकडून उचल घेऊन गंगाखेड-सोनपेठकडची कुटुंबे ऊसतोडीला निघतात, तेव्हा कर्ज बापाच्या नावावर असते आणि शाळा लेकराची सुटते. संबंध तो हाच.

परंतु खरा आक्षेप निराशेचा आहे, आणि तेथेच पालकांची मोठी चूक होते. बंडाचा विजय झाल्यावर बंडखोरांची अध्यक्षा कॉइन एक ठराव मांडते : आजवर आपली मुले मारली गेली, आता एकदा राजधानीतील मुलांना आखाड्यात उतरवू. उरलेल्या सात विजेत्यांचे मत घेतले जाते. तिघे नाही म्हणतात, चौघे हो. त्या चौघांत नायिका कॅटनिस आहे! वाचक हादरतो, आणि हादरलाच पाहिजे. पुढे जुन्या हुकूमशहावर रोखलेला बाण ती कॉइनवर सोडते. तो बाण मला मान्य नाही. खून तो खूनच. पण पीडिताच्या हातीही तोच खेळ कसा येऊ शकतो, हे मुलांना याहून स्पष्ट कोण सांगणार?

डिसेंबर 2024 मध्ये परभणी शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतर बंद, मोडतोड, धरपकड, आणि न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू. त्या दिवसांत न्याय मागणारे आवाज मी ऐकले आणि ते रास्तच होते. “त्यांच्याही पोरांना असेच भोगू दे” हे वाक्यही मी ऐकले, आणि तेही आपल्याच एका घरात. न्याय आणि सूड यांमधील अंतर जिथे पुसले जाते, त्याच जागी हे तिसरे पुस्तक बोट ठेवते. मग ते मुलांपासून दूर का ठेवायचे?

“पण शेवटी आनंद नाही ना, फादर!” आनंद म्हणजे काय, हे आपण पुनरुत्थानाच्या सणाला शिकवतो. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते. थोमाला त्यांतच बोट घालावयास सांगितले गेले. जखमा न राहिलेला विजय शुभवर्तमानात नाही. कॅटनिसला रात्री दुःस्वप्ने पडतात, तरीही ती लेकरांना जन्म देते. ज्याने उपाशी असताना तिच्याकडे भाकर टाकली होती, तोच तिच्या सोबतीला उरतो. दोघे मिळून, गेलेल्यांची चित्रे व आठवणी एका वहीत उतरवतात. या त्रयीत धर्म जवळजवळ नाहीच, हे मला खटकते. पण 2 नोव्हेंबरला कबरस्तानात मेणबत्ती लावणाऱ्या आपल्या माणसांना ती वही परकी वाटू नये.

पुस्तक कपाटातच राहील. ज्यांची हरकत असेल त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर अवश्य भेटावे. मात्र येताना ते शेवटच्या पानापर्यंत वाचून यावे, आणि जमल्यास मुलालाही बरोबर आणावे.