लायसन्स नको, पण नियम हवेतच!



हल्ली क्लासला जाणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांकडेही ई-स्कूटर दिसते. "हिला लायसन्स लागत नाही," असं दुकानदार सांगतो आणि आपण निश्चिंत होतो. हे खरं आहे, पण अर्धंच. मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तरच त्या मान्यताप्राप्त गाडीला कायदा मोटार वाहन मानत नाही. वेगाचं लॉक काढलं की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं. मग अल्पवयीन मुलाने ती चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकांना २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता फुटपाथचं बघू. "रस्त्यावर डंपर, बस. पोरगं फुटपाथवरून गेलं तर काय बिघडलं?" असं कितीतरी पालक विचारतात. काळजी खरी आहे, उपाय चुकीचा आहे. फुटपाथ चालणाऱ्यांचा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की चांगला फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला पादचाऱ्यांचा हक्क आहे.

हे गणित वर्गात करून घ्या. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७ मीटर. ब्रेक दाबायचं सुचायला एक सेकंद लागला, तरी गाडी ७ मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्यात सोसायटीच्या गेटमधून एखादी आजी बाहेर आली तर? आईचं बोट सोडून बालवाडीतलं पोर धावलं तर? त्यात या गाडीचा आवाजही फारसा येत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : जे मूल रस्त्यावर गाडी चालवायला तयार नाही, ते फुटपाथवरही तयार नाही. त्याला चालत किंवा बसने पाठवा. जे तयार आहे, त्याला हेल्मेट द्या, आतल्या गल्लीचा रस्ता आधी सोबत जाऊन दाखवा, घरातून दहा मिनिटं लवकर काढा. फुटपाथवर यावंच लागलं तर उतरून गाडी हाताने ढकलायची. शाळांनीही गेटजवळ हाच नियम ठेवावा आणि पालकसभेत तो सांगावा.

शेवटी एकच. मुलं आपलं ऐकतात कमी, बघतात जास्त. ट्रॅफिक तुंबलं की बाबाच बाइक फुटपाथवर चढवत असतील, तर बाईंनी फळ्यावर लिहिलेला नियम किती दिवस टिकणार?