घरची शाळा व सरकारची वही

घरी शिकणाऱ्या मुलांची नोंद सरकारने ठेवावी काय, व त्यांच्या शिक्षणावर देखरेख करावी काय, हा प्रश्न निघाला की आमच्या पुष्कळ वाचकांस तो पुण्यामुंबईच्या बंगल्यांतला वाटतो. बाप इंजिनिअर, आई पदवीधर, भिंतीला पुस्तकांची कपाटे. शाळेतली घोकंपट्टी नको म्हणून मूल घरीच शिकविले. त्याची चौकशी सरकारने केली काय नि न केली काय, जुन्नर-आंबेगावच्या कुणब्यास त्याचे काय? आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न बंगल्यापेक्षा उसाच्या फडाशेजारच्या कोपीचा अधिक आहे.

आधी कायदा पाहू. ६ ते १४ वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १० व्या कलमात मुलास शाळेत घालणे हे आईबापांचे कर्तव्य सांगितले आहे. न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही. घरी शिकविण्यास उघड परवानगी नाही, तशी उघड मनाईही नाही. ज्याच्यापाशी साधने आहेत तो या फटीतून सुखाने पलीकडे जातो. मुक्त विद्यालयाची परीक्षा देववितो, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून मुलास दहावीस बसवितो. ज्याच्यापाशी साधने नाहीत त्याचे पोर त्याच फटीत पडते, आणि पडले हे कोणास कळतही नाही.

दिवाळीच्या सुमारास निवृत्तीनगरच्या विघ्नहर कारखान्याच्या व पारगावच्या भीमाशंकर कारखान्याच्या उसावर बीड-नगरकडच्या टोळ्या उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटे दोघेही फडात. मग कोपीत कोण? आठनऊ वर्षांची पोर, तिच्या कडेवर दीड वर्षांचे भावंड, आणि शेजारच्या उसात बिबट्या. तिला शाळेविषयी विचारा. आईबाप म्हणतील, घरीच असते. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. दसऱ्यापासून फड गावोगाव हिंडतात, व काही कलावंतांची लेकरे त्यांच्याबरोबर हिंडतात. त्यांनाही विचारा, तीही घरीच, फक्त त्यांचे घर रोज नव्या गावी.

घरचे शिक्षण आम्ही हलके मानीत नाही. फडातल्या पोराच्या बोटांत ढोलकीचा जो ताल असतो तो कोणा मास्तराने शिकविलेला नसतो. आंबेगावच्या पश्चिम डोंगरातले ठाकराचे पोर झाडाकडे पाहून बाळहिरडा कधी उतरवावा ते सांगेल. परंतु तोच हिरडा व्यापाऱ्याच्या काट्यावर गेला म्हणजे किती किलो झाला, भाव काय लागला, पैसे किती व्हावयास हवेत, हे त्याला सांगता येते काय? मुकादमाच्या उचलीचा हिशेब त्याच्या बापाला कळत नाही, पोराला तरी कळेल काय? याच जुन्नर भागातील शेतकऱ्यांनी १८८५ च्या सुमारास सावकारांविरुद्ध बंड केले. न वाचलेल्या खतावर अंगठा दिला म्हणजे काय होते ते आमच्या आजापणजांनी भोगले आहे.

म्हणून आमच्या थोरांनी सक्ती मागून घेतली. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मुलांस निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे लिहून दिले. शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात सक्ती आणली, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढे १९२० च्या सुमारास पुण्यात वाद माजला तो असा की, सक्ती मुलांपुरती असावी की मुलींसही लावावी. मुलीला काय, घरी शिकवू, हे वाक्य तेव्हापासूनचे आहे. त्या घरच्या शिक्षणात मुली काय शिकल्या? चूल आणि पाळणा.

सुशिक्षित पालक म्हणतात, आमच्या घरात सरकारने का डोकवावे? त्यांची भीती खोटी नाही. सरकारी निरीक्षक एकदा उंबरठ्याच्या आत आला की तो तक्ते मागतो, आणि तक्त्यांपुढे मूल विसरतो. पण दूरच्या बुद्धिवान देशाचा अनुभवही पाहावा. इंग्लंडात १९४४ च्या कायद्याने मुलास शाळेत किंवा अन्य रीतीने शिकविण्याची मुभा आईबापांस दिली. २०२३ साली वोकिंग गावी दहा वर्षांच्या एका मुलीला घरी शिकवितो म्हणून शाळेतून काढले, आणि काही महिन्यांत ती घरातच मारली गेली. बाप व सावत्र आई खुनाबद्दल दोषी ठरली. शाळेत न जाणाऱ्या मुलांची नोंदवही ठेवण्याचे विधेयक तिकडे २०२४ च्या डिसेंबरात मांडले गेले. हजारात नऊशे नव्याण्णव आईबाप माया करणारे असतील. वही उरलेल्या एकाच्या लेकरासाठी असते.

आता आमच्या सरकारकडे वळू. वही नाही असे नव्हे. याच कायद्याच्या ९ व्या कलमाने आपल्या हद्दीत राहणाऱ्या १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे व स्थलांतरित कुटुंबांची मुले शाळेत दाखल करून घेणे हे स्थानिक प्राधिकरणावर बंधनकारक केले आहे. मग ती वही भरते कधी? ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांची एक दिवसाची पाहणी झाली. मतदारासारखी पोरांच्या बोटांना शाई लावली. पुन्हा २०२२ साली शाळाबाह्य पोरांचा शोध निघाला तोही ५ ते २० जुलै. वाचकहो, जुलैत उसाच्या कोप्या मोडलेल्या असतात, टोळ्या आपल्या गावी गेलेल्या असतात, तमाशाच्या राहुट्या उठलेल्या असतात. ज्या महिन्यात मूल सापडणार नाही नेमका तोच महिना मोजणीस निवडावयाचा, याला अज्ञान म्हणावे की हुशारी? याच तालुक्यांत पकडलेल्या बिबट्याच्या अंगात क्रमांकाची चिप बसविण्याचे काम वीस वर्षांपूर्वी झाले. कोपीतल्या पोरीला मात्र हंगाम उलटेपर्यंत क्रमांक नाही. बिबट्याचे आम्हांस वाईट वाटत नाही, त्याचेही चांगलेच झाले!

दुसरे असे की, एका हाताने वही आणि दुसऱ्या हाताने कुलूप, हा कारभार चालावयाचा नाही. २०२३ च्या सप्टेंबरात २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव सरकारने मागविले. नमुना म्हणून पानशेत दाखविले. डोंगरी वाडीत पट २० कोठून येणार? बारा पोरांची शाळा उठली, की पावसाळ्यात ओढा भरल्यावर सहा वर्षांचे मूल घरीच राहणार. मग त्याच्या बापास घरी का ठेवलेस म्हणून विचारणारा अधिकारी कोणत्या तोंडाने विचारील? वाडीची शाळा बंद करणाऱ्यास देखरेखीचा अधिकार आम्ही देत नाही.

आमची मागणी थोडकी आहे. पुण्याचा बंगला असो, निमगिरीची वाडी असो की पारगावची कोपी असो, प्रत्येक मुलाचे नाव एकाच वहीत यावे, व ते कोठे आणि कोणाकडून शिकते हे तेथे लिहावे. जे हौसेने घरी शिकवितात त्यांच्यावर खटला नको, पुस्तकांची सक्ती नको. वर्षातून दोनदा जवळच्या शाळेतल्या शिक्षकाने मुलाशी बोलावे, चार ओळी वाचून घ्याव्यात, एक हिशेब घालावा, आणि मूल धडधाकट आहे हे डोळ्यांनी पाहावे, इतके पुरे. ज्या मुलाला वाचता आले नाही त्याच्या नावापुढे आईबापाच्या चुकीचा शेरा न मारता सरकारने काय करावयाचे ते लिहावे: हंगामी वसतिगृह, शाळेपर्यंत गाडी, की कोपीजवळ शिक्षक. आणि वही कारखान्याचा बॉयलर पेटल्यावर भरावी, जुलैत नको.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत टोळ्या येतात. उसाच्या गावांतील आमच्या बंधूभगिनींनी त्या सभेत मुख्याध्यापकास व पंचायतीच्या अधिकाऱ्यास उभे करून विचारावे की, गेल्या हंगामात आपल्या शिवारात किती कोयते उतरले, त्यांच्याबरोबर मुले किती होती, व त्यांची नावे वहीच्या कोणत्या पानावर आहेत. पान दाखविता आले नाही, तर तसे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावे.