वही भरली, तरी एक गोष्ट उणी



"आजकालच्या पोरांना वळण नाही," ही तक्रार रविवारची मिस्सा संपली की चर्चच्या आवारात हमखास ऐकू येते. मोबाईल, मोटारसायकल आणि रात्रीचे जागरण, एवढेच त्यांचे जग आहे असे आपण मोठी माणसे धरून चालतो. मला हे पटत नाही. धर्मशिक्षणाच्या निमित्ताने दर आठवड्याला मी या मुलांमध्ये असतो आणि माझा अनुभव उलटा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या बेळगावातच असल्यामुळे भरतीच्या आशेने पहाटे धावणारी मुले इथे नवी नाहीत. पण आता भरतीला न जाणारी मुलेही धावतात. कोणी साखर सोडली आहे, कोणी रोज दहा पाने वाचतो, कोणी राग आवरायचा सराव करतो. या सगळ्याची नोंद ती रोज ठेवतात. काही वहीत, बरीचशी मोबाईलवर. आमच्या वेळी आम्ही स्वतःबद्दल इतका विचार करत नव्हतो.

तेव्हा या मुलांना वळण नाही, ही माझी काळजी नाही. स्वतःला घडवण्याच्या या कामात ती फार एकटी पडली आहेत, ही माझी काळजी आहे.

आमच्या युवा संघातल्या एका मुलाने मध्यंतरी आपली वही मला वाचायला दिली. त्याला विचारूनच हे लिहितो; नाव लिहीत नाही. वय तेवीस. बी. कॉम. झाला आहे, दिवसा एका दुकानात हिशेब बघतो आणि रात्री बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतो. वहीच्या डाव्या पानावर सहा रकाने आहेत: पाचला उठणे, धावणे, दोन तास अभ्यास, मोबाईल एक तासाच्या आत, राग न करणे, रात्रीची प्रार्थना. उजव्या पानावर त्या दिवसाबद्दल चार-पाच ओळी. गिऱ्हाईक उगाच भांडले पण मी गप्प राहिलो, बरे वाटले. पाऊस होता म्हणून धावलो नाही, पण खरे कारण पाऊस नव्हता. असे प्रामाणिक लिखाण. या वयात स्वतःशी इतके खरे बोलणारी माणसे मी थोडीच पाहिली आहेत.

वही वाचताना दोन गोष्टी मात्र मनात राहिल्या.

पहिली अशी. "पाचला उठणे" या रकान्यात सलग एकेचाळीस दिवस बरोबरची खूण होती. मी कौतुकाने विचारले, "अलार्म किती वाजताचा लावतोस?" तो म्हणाला, "अलार्म नाही सर, मम्मी उठवते. ती साडेचारला उठते, चहा टाकते, मग हाक मारते." मी पाने पुन्हा चाळली. एकेचाळीस दिवसांत मम्मीचा उल्लेख कुठेच नव्हता. तसे सांगितल्यावर तो हसला. "सर, ते काय लिहायचं त्यात?"

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. त्याला ताप आला आणि चार दिवस रकाने कोरे राहिले. पाचव्या दिवशी लाल शाईने दोनच शब्द: परत शून्य. ताप गेला, पण पुढचे तीन रविवार तो मिस्सेला आला नाही. कारण विचारल्यावर खाली बघून म्हणाला, "सर, सहाच गोष्टी ठरवल्या होत्या, त्या पण जमत नाहीत. स्वतःकडे बघायचीच लाज वाटते, तर देवासमोर काय उभा राहू?"

हे वाक्य मला फार लागले. जी जागा पडलेल्यांसाठीच आहे, तिथे जायला तो उठून उभा राहण्याची वाट पाहत होता. आजाऱ्याने आधी बरे व्हावे आणि मग वैद्याकडे जावे, तसा हा प्रकार. आणि असा तो एकटा नाही. चर्चमध्ये न दिसणारी मुले सगळीच श्रद्धा सोडून गेलेली नसतात. आपण देवाला तोंड दाखवण्याच्या लायकीचे नाही, असे स्वतःच ठरवून घरी बसलेलीही त्यांत असतात.

शुभवर्तमानात असा एक तरुण आपल्याला भेटतो. मत्तय १९व्या अध्यायात त्याची गोष्ट सांगतो, मार्क १०व्या अध्यायात. सार्वकालिक जीवनासाठी मी काय करू, असे तो प्रभूला विचारतो. प्रभू त्याला आज्ञांची आठवण देतो: खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष यांपासून दूर राहणे, आईबापांचा मान राखणे. हे सगळे तर मी पाळत आलो आहे, आणखी काय उणे आहे, असे तो म्हणतो. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याची वही पूर्ण भरलेली आहे, तरी आतून काहीतरी टोचते आहे. गंमत पाहा: प्रभूने सांगितलेल्या त्या सगळ्या आज्ञा दुसऱ्या माणसांबद्दलच्या आहेत, पण तरुणाच्या उत्तरात दुसरे माणूस नाही. मी पाळले, माझ्यात काय कमी, एवढेच.

प्रभू त्याला आणखी एखादा रकाना आखायला सांगत नाही. आहे ते विकून गोरगरिबांना दे, आणि ये, माझ्यामागे चाल, असे सांगतो. म्हणजे ज्याच्या वहीत तो स्वतःच तेवढा होता, त्याला प्रभू एकदम माणसे देतो: दारिद्र्यात असलेली माणसे, आणि सोबत चालणारा गुरू. तो तरुण खिन्न होऊन परत गेला, कारण त्याची मालमत्ता मोठी होती. आपण इथे नेहमी पैशावर बोलतो आणि ते बरोबरही आहे. पण मार्कने लिहिलेली एक बारीकशी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. ही कठीण मागणी करण्याआधी प्रभूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली. उणीव भरून निघण्याआधी केली. तो परत जाणार होता तरी केली. लाल शाईने "परत शून्य" लिहिणाऱ्या मुलाला आपण ही ओळ दाखवायला हवी.

आता कोणी म्हणेल, मग रोजची नोंद ठेवणे चुकीचे का? अजिबात नाही. रकाने आखून स्वतःला तपासण्याची रीत आपल्या मंडळीत जवळजवळ पाचशे वर्षांची आहे, आणि ती घालून देणारा माणूस याच खड्ड्यात पडून बाहेर आलेला होता. संत इग्नेशियस लोयोला यांच्याबद्दल मी बोलतो आहे. येशूसंघीय फादरांमुळे बेळगावच्या कित्येक पिढ्यांना हे नाव शाळेपासून माहीत आहे, पण त्यांच्या तरुणपणाची हकिगत आपण मुलांना क्वचितच सांगतो.

१५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड नीट बसले नाही, पायावर उंचवटा राहिला. दरबारी पोशाखात आणि बुटांत तो वाईट दिसेल म्हणून या सरदाराने ते हाड पुन्हा कापून घेतले, त्या काळी, भूल न देता. चांगले दिसण्यासाठी एवढे सोसणारा तो माणूस. अंथरुणात पडल्यापडल्या ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे वाचून त्यांचे मन पालटले, पण स्वभाव लगेच कुठे पालटतो? आता तोच हट्ट त्यांनी पावित्र्यासाठी धरला. मोंटसेरातच्या मठात तीन दिवस लागतील एवढे सविस्तर पापनिवेदन त्यांनी लिहून केले. तरी पुढे मॅनरेसा गावी १५२२ साली त्यांना शंकांनी घेरले: काही सांगायचे राहिले तर नाही? पुन्हा कुमसार, पुन्हा शंका. अगदी स्पष्ट आठवत असेल तेवढेच जुने पाप सांगा, असे धर्मगुरूंनी बजावले, तर त्यांना सगळेच स्पष्ट आठवू लागले. जीव देण्याचेही विचार मनात आले. देव सुटका करीपर्यंत खाणार नाही म्हणून एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत ते उपाशी राहिले. शेवटी धर्मगुरूंनी हुकूमच केला तेव्हा जेवले. पुढे जुनी पापे पुन्हा उगाळायची नाहीत असे त्यांनी ठरवले आणि त्या जाचातून सुटले. आपल्या दयेने देवानेच आपल्याला सोडवले, असे ते मानत.

या माणसाने पुढे 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक लिहिले. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. त्यात रकाने आहेत! एक दोष निवडायचा, सकाळी उठताच त्याच्याबद्दल सावध व्हायचे, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर दिवस तपासायचा. आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या, आणि जितक्या वेळा पडलो तितके ठिपके. आमच्या युवा संघाच्या मुलाने ते पान पाहिले तर त्याला ओळखीचे वाटेल.

पण याच पुस्तकात आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत, आणि त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिली पायरी, मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार. दुसरी, स्वतःचे दोष दिसावेत म्हणून कृपेची मागणी. तिसरी, दिवसाची तासातासाने पाहणी. चौथी, क्षमायाचना. पाचवी, त्याच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय. म्हणजे हिशेब आहे, पण तो तिसऱ्या क्रमांकावर आहे. आपली मुले थेट तिसऱ्या पायरीवर चढतात आणि तिथून पाचवीवर उडी मारतात. मधली क्षमा राहते आणि सुरुवातीचे आभारही राहतात.

माझ्या मते सगळा फरक इथे आहे. जो स्वतःच हिशेब लिहितो आणि स्वतःच तो तपासतो, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. जमले तर ताठा येतो, न जमले तर लाज. स्वतःचे कर्ज स्वतःला माफ करता येत नाही, फार तर विसरता येते. हिशेब दुसऱ्याला दाखवायचा असेल, आणि तो दुसरा आपल्यावर प्रेम करणारा असेल, तरच चुकीच्या नोंदीचे पानही निर्भयपणे उघडता येते. आणि सुरुवात आभारांनी केली की वहीत माणसे येऊ लागतात. साडेचारला उठून चहा टाकणारी आई येते. सुट्टे पैसे मोजून देणारा, चूक झाली तरी सांभाळून घेणारा दुकानातला जुना नोकर येतो. मी पाचला उठलो, या वाक्यात किती जणांचे हात आहेत ते दिसू लागते.

आपण मोठ्यांनीही थोडे स्वतःकडे पाहावे. शेजारच्या मुलाचे टक्के, चुलतभावाचा पगार, दुबईला गेलेल्या मित्राची गाडी, हे जेवणाच्या ताटावर ऐकवून आपणच या मुलांच्या हातात लाल पेन दिले आहे. युवा रविवारी आपण यशाचे मंत्र सांगणारे वक्ते बोलावतो. त्यांचे ऐकून मुले आणखी दोन रकाने आखतात. त्याऐवजी महिन्यातून एकदा धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर दहा मिनिटे शांत बसून या पाच पायऱ्या त्यांच्याबरोबर चढून पाहाव्यात, असे मी आमच्या धर्मग्रामात सुचवले आहे. आणि कुमसाराच्या रांगेत फक्त आज्या दिसतात, ही तक्रार करण्याआधी घरातल्या बापाने एकदा त्या रांगेत उभे राहावे. बाप क्षमा मागतो हे पाहिलेल्या मुलाला क्षमा मागायची लाज वाटत नाही.

काही भाविक याच्या उलट टोकाला जातात. देवाची कृपा पुरेशी आहे, पहाटे उठणे आणि रकाने हा सगळा जगाचा खटाटोप, असे म्हणतात. त्यांना मी लूकच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण देतो. नाझरेथात बाळ येशू शहाणपणाने आणि शरीराने वाढत गेला. देवाची आणि माणसांची मर्जी त्याच्यावर होती, असे लूक सांगतो. प्रभूनेही वाढण्याचा वेळ घेतला, सुताराच्या घरात, आईबापांच्या आज्ञेत. मग आपल्या मुलाने वाढायचा प्रयत्न केला तर त्याला नावे कशाला ठेवायची? फक्त नाझरेथात ती वाढ घरात झाली, माणसांमध्ये झाली, हे लक्षात ठेवावे.

त्या मुलाने मम्मीबद्दल काय लिहिले ते मी विचारलेले नाही. ते त्याचे आणि तिचे. तो पुन्हा मिस्सेला येतो. रकाने अजून सहाच आहेत आणि दर आठवड्याला एखाददुसरा कोरा राहतो.

तरुण मित्रांनो, वही सोडू नका. आज रात्री ती उघडाल तेव्हा खुणा करण्याआधी वरच्या कोऱ्या जागेत एका माणसाचे नाव लिहा, ज्याच्यामुळे आजचा दिवस पार पडला. मग देवाचे आभार माना. मग खुणा करा. एखादा रकाना कोरा राहिला तर तो तसाच प्रभूला दाखवा, क्षमा मागा आणि दिवा मालवून झोपा. सकाळी हाक मारणारे कोणीतरी असेल.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.