कवडीमोल कोणी ठरवले?

एखादी वस्तू तुच्छ आहे असे सांगायचे झाले की आपण तिला 'कवडीमोल' म्हणतो. निर्धन माणसाजवळ फुटकी कवडीही नसते, असेही म्हणतो. न्यू गिनी बेटाच्या पश्चिम भागात, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर बालिएम नदीचे खोरे आहे. तेथील दानी लोकांना हे वाक्प्रचार कसे समजावून सांगणार? त्यांच्या लेखी कवडी हे धन होते. दूरच्या समुद्रकिनाऱ्यावरून हातोहाती, डोंगरामागून डोंगर ओलांडीत ती त्यांच्यापर्यंत पोहोचत असे.

१९३८ मध्ये रिचर्ड आर्चबोल्ड यांच्या मोहिमेने हे खोरे विमानातून पाहिले. पुढे दानी माणसाच्या कपाळी 'पाषाणयुगीन' असा शिक्का बसला, तो अजून पुसला गेलेला नाही. या शिक्क्याला माझा आक्षेप आहे. दानी माणसाच्या हातात दगडी वाकस होती, हे खरे. परंतु त्याच हातांनी पाण्याचा निचरा करणारे चर खणले आणि त्यांच्या काठाने रताळ्यांचे मळे फुलवले. हत्याराच्या धातूवरून माणसाच्या मनाचे वय ठरवणे, हा कुठला न्याय?

त्यांच्या मौल्यवान वस्तू कोणत्या, ते पाहा. कवड्या ओवलेले लांब पट्टे, जाळीच्या झोळ्या, डुकरे आणि घासून गुळगुळीत केलेले लांबट, चपटे दगड. या दगडांनी लाकूड तोडायचे नसते की जमीन खणायची नसते. ते द्यायचे आणि घ्यायचे असतात. कोणी मरण पावले की आप्तेष्ट या वस्तू घेऊन येत. मृतदेह बसता करून त्याच्यावर पट्टे आणि झोळ्या घालीत. दहनापूर्वी ते सारे उतरवून घेत आणि जमलेल्यांत वाटून देत. आज ज्याने घेतले त्याने उद्या दुसऱ्याच्या दारी दुःखाच्या प्रसंगी द्यावे, असा तो परिपाठ. 'दानी' या नावाचा आपल्या भाषेतील अर्थ हा निव्वळ योगायोग. पण किती अर्थपूर्ण योगायोग! आपले सोने बँकेच्या लॉकरमध्ये निजते. त्यांचे धन शोकाकुलांच्या अंगणात जागे असे.

रोजच्या वस्तूंचेही तसेच. झाडाच्या सालीचे तंतू मांडीवर वळून स्त्रिया झोळी विणतात आणि तिचा पट्टा कपाळावर घेऊन ती पाठीवर सोडतात. तीत रताळी असतात, डुकराचे पिल्लू असते आणि तान्हे मूलही निजलेले असते. पापुआतील या झोळीला, म्हणजे नोकेनला, २०१२ मध्ये युनेस्कोने तातडीने जपण्याजोग्या वारशाच्या यादीत स्थान दिले. जगाला हे कळायला किती उशीर झाला!

दानी समाजाचे सारेच चांगले होते, असे मी म्हणत नाही. टोळ्यांची वैरे पिढ्यान् पिढ्या चालत. अंत्यविधीच्या वेळी लहान मुलींची बोटे तोडली जात. ती प्रथा गेली, हे उत्तमच झाले. परंतु मुलीचे बोट वाचवण्यासाठी आजीची झोळी टाकून द्यावी लागत नाही. एवढा विवेक बाहेरून आलेल्यांनी दाखवला का?

न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात परक्यांनी विमानांतून कवड्या आणल्या आणि पिढ्यांनी जपलेल्या धनाचे मोल उतरले. १९६० च्या सुमारास पश्चिमेकडील दानींनी आपले ताईत आणि पूज्य वस्तू यांचे ढीग रचून ते पेटवले. आग त्यांनी स्वतःच्या हातांनी लावली, हे खरे. पण त्या ज्वाळांत सुवार्तेचा विजय पाहणारे मिशनरीही होते. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी सरकारने 'कोतेका मोहीम' काढली. कोतेका म्हणजे तेथील पुरुष लज्जारक्षणासाठी वापरतात ते वाळवलेल्या भोपळ्याचे आवरण. ते टाकून विजारी घाला, असा हुकूम झाला. विजार आली, पण ती धुवायला साबण कोठून आणायचा, हे कोणी पाहिले नाही. आता तोच कोतेका आणि तीच दगडी वाकस पर्यटक आठवण म्हणून विकत घेऊन जातात. काल जी रानटीपणाची खूण होती, ती आज दिवाणखान्याची शोभा झाली!

या प्रश्नाचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. आपण ज्या धर्मसभेचे घटक आहोत, तिने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या मिशनकार्यविषयक आदेशपत्रात, लोकांच्या परंपरांमध्ये दडलेली देवशब्दाची बीजे आनंदाने व आदराने शोधा, असे सांगितले. बीज शोधायचे तर आधी वाकावे लागते. उंचावरून ते दिसत नाही. विमानातून तर नाहीच नाही.

मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभूने कौतुकाने पाहिले. तिच्या नाण्यांचे वजन त्याने केले नाही. ती काय देत होती, ते पाहिले. मृताच्या दारी आपल्याजवळचा जपलेला दगड घेऊन जाणाऱ्या दानी माणसाकडे त्याने कोणत्या नजरेने पाहिले असते? हे आपल्याला सांगता येत नसेल, तर कवडीमोल त्याची कवडी नव्हे, आपली पारख आहे.