उलटी का फिरवतोयस?

परवा शनिवारी रिलीज होतं म्हणून ऑफिसात अडकलो होतो. बिल्ड चालू, हाताला काम नाही. मग टीममधल्या एकाला चाकाच्या खुर्चीत डोळे मिटून बसवलं आणि एकाच वेगाने फिरवत राहिलो. अर्ध्या मिनिटाने साहेब विचारतात, "थांबलास का रे?" मी थांबलो नव्हतो! मग खरंच थांबवली, तर ओरडला, "अरे, आता उलटी का फिरवतोयस?" (दुसऱ्या अर्थाची उलटी थोडक्यात टळली. नुकताच वडापाव खाल्ला होता बिचाऱ्याने.)

हीच खुर्ची नीट बनवली की तिला बारानी चेअर म्हणतात. रॉबर्ट बारानी या डॉक्टरला कानातल्या तोलाच्या यंत्रणेवरच्या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं होतं. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधल्या द्रवाला वेग कळतच नाही, फक्त वेगातला बदल कळतो. वेग स्थिर राहिला की द्रवही सोबत फिरू लागतो आणि सिग्नल शून्य. त्यात मान वाकवलीत तर पोटात जे काही होतं ते विचारू नका.

लोकांना वाटतं वैमानिकांना आणि अंतराळवीरांना यात बसवतात ते मळमळीची सवय व्हावी म्हणून. थोडंफार खरंही आहे. पण जमिनीवर कोणाला मळमळतं यावरून अंतराळात कोणाला मळमळेल हे धड सांगता येत नाही. गेर्मान टिटोव्ह एवढा पारखून निवडलेला गडी, पण १९६१ मध्ये अंतराळात आजारी पडलेला पहिला माणूस तोच. मला विचाराल तर खुर्चीचा खरा उपयोग वेगळाच आहे. आपलं शरीर छातीठोकपणे खोटं बोलतं, हे ती स्वतःच्या अंगावर दाखवून देते.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे ७४७ रात्री मुंबईहून दुबईला निघालं. समोर काळोखा समुद्र, क्षितिज नाही. कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं. ते उजवीकडचा कल दाखवत राहिलं आणि त्यांनी विमान डावीकडे वळवत नेलं. बाकीची यंत्रं बघून सावरणं जमलं नाही. बांद्र्याच्या किनाऱ्यासमोर २१३ माणसं गेली. शरीराने "अहो, आपण कलंडतोय" असं सांगितलं असतं तर! पण सावकाश कलंडणं कानाला कळतच नाही.

वायुसेनेचे वैमानिक बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये हे भ्रम अनुभवतात. माझं म्हणणं एवढंच, की प्रवासी विमान चालवायला शिकणाऱ्या प्रत्येक पोराला ढगात पाठवण्याआधी अशी खुर्ची द्या. पुस्तकात हा धडा असतो, परीक्षेत मार्कही मिळतात, पण वाचून पटत नाही ना! जागच्या जागी उभा असलेला सिम्युलेटर डोळ्यांना फसवतो, कानाला नाही. आणि खुर्चीचा खर्च तो किती?

असो. पंधरा मिनिटांनी आमचा गडी पाणी पिऊन परत आला. सगळी थिअरी समजावली. मान डोलावली त्याने. मग हळूच म्हणतो, "पण खरं सांग, शेवटी थोडी उलटी फिरवली होतीस ना?"