शतावरी कल्प घेण्यापूर्वी

बाळंतिणीच्या खोलीत शतावरी कल्पाचा डबा असतोच. दूध वाढावे म्हणून तो सकाळ-संध्याकाळ दुधातून देण्याची आपल्याकडे जुनी रीत. शतावरीच्या काटेरी वेलीखाली झुबक्याने येणाऱ्या मुळ्या आणि साखर यांपासून हा कल्प होतो. साखर बरीच असल्याने मधुमेह असलेल्या स्त्रियांनी तो परस्पर घेऊ नये. नुसत्या चूर्णाबद्दल वैद्यांना विचारावे. गर्भारपणी, स्तनात किंवा गर्भाशयात गाठ असल्यास, लघवी वाढवणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांचा सल्ला आधी घ्या.

मात्र दूध वाढते ते मुख्यतः बाळाने वारंवार ओढल्यामुळे. पहिल्या आठवड्यानंतर बाळाला २४ तासांत ६ वेळांपेक्षा कमी लघवी होत असेल, तर कल्पाच्या भरवशावर थांबू नका. बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.