कान दाबा, पण पाय पाहा

धारवाडचा सुभाष रोड ज्यांचे नाव सांगतो, त्या सुभाषबाबूंनी १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष या नात्याने चीनला वैद्यकीय पथक धाडले. त्या पथकातील सोलापूरचे डॉ. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी पुढे अ‍ॅक्युपंक्चर भारतात आणले. कानावर बारीक बिया चिकटवून त्या दाबण्याचा उपचार त्याच कुळातला. (कानाचा प्रचलित नकाशा मात्र पॉल नोजिए या फ्रेंच डॉक्टराचा!) मधुमेहाने पायांची आग होणाऱ्यांना तो आता सुचविला जातो.

उपचार स्वस्त, बहुधा निरुपद्रवी; काहींना आराम पडतो, हेही नाकारण्याचे कारण नाही. परंतु आजवरचे प्रयोग लहान आहेत. शिवाय वेदना शमली म्हणजे मज्जातंतू सुधारले असे नव्हे. आपल्याकडे देवळात अनवाणी जाण्याची रीत. बधिर तळव्याला तापल्या फरशीचा चटका कळत नाही, फोड चिघळतो आणि अखेर बोट कापण्याची पाळी येते. म्हणून रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी, रोज रात्री तळवे निरखावे आणि मग खुशाल कान दाबून घ्यावेत. मात्र इन्सुलिन सोडा म्हणणाऱ्याची पायरी पुन्हा चढू नये.